गाडीखालची ओळखपरेड

जुनी गाडी वरून पाहणारे पुष्कळ असतात. ते बॉनेटवरून हात फिरवतात, क्रोमच्या बंपरमध्ये आपला भांग बघून घेतात, ‘आता असा पत्रा मिळत नाही’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात. जुनी गाडी खालून पाहणारे मात्र थोडे. तिथे जायचं तर आधी आडवं व्हावं लागतं, आणि चाळिशी उलटलेला माणूस जमिनीवर आडवा झाला की त्याला परत उभं करणं हे वेगळं काम होऊन बसतं. शिवाय खाली जे दिसतं त्याने रात्रीची झोप उडते. एक पाइप वरून मोठ्या ऐटीत येतो आणि अधांतरी थांबतो. एक वायर निघते ती कुठेच पोचत नाही. एका ब्रॅकेटने काहीतरी धरलेलं असावं, पण काय ते आता कोणालाच सांगता येत नाही. एक स्प्रिंग एका टोकाला अडकवलेली असते आणि दुसऱ्या टोकाने नुसती हवा ओढत असते. अशा वेळी मालकाच्या मनात एकच प्रश्न येतो : हे सगळं सुटलेलं असताना ही गाडी आजवर चालत कशी होती?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत हा प्रश्न पडायला भरपूर वाव आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण इथल्या काही गाड्यांनी ठाणे जिल्हाच काय, जुनं मुंबई राज्यही पाहिलेलं आहे. बोर्डी, घोलवड, डहाणूकडच्या पारशी-इराण्यांच्या चिकूवाड्यांत जागेला तोटा नाही. मुंबईत माणूस जागा नाही म्हणून जुनी गाडी विकतो. इथे शेड आहे म्हणून गाडी राहते, आणि गाडी आहे म्हणून शेड पाडता येत नाही. त्यात १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर प्राधिकरण आलं आणि कारखान्यांची गर्दी वेशीबाहेर थांबली. झाडं वाचली, चिकू वाचला, त्याला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना जुन्या गाड्याही वाचल्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला तेवढा कुठल्याच प्राधिकरणाचा आदेश लागू होत नाही. तो सुरूच्या बनातून येतो, चिकूच्या पानांतून गाळला जातो आणि थेट चेसीला लागतो.

इथे गाड्यांची मुख्यतः तीन कुळं सापडतात. पहिलं फियाटचं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तिच्याच वंशात पुढे पद्मिनी जन्मली. मुंबईत टॅक्सी म्हणून उमेद घालवून वाडीत विसाव्याला आलेली पद्मिनी ओळखायला रंग खरवडून काळा-पिवळा शोधावा लागत नाही. खाली गॅसच्या किटचा एखादा क्लॅम्प अजून चिकटलेला असतो. दुसरं कुळ ॲम्बेसेडरचं. इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड उत्तरपाड्याच्या कारखान्यात आली आणि १९५७ पासून २०१४ पर्यंत तिथेच रमली. तिसरं कुळ जीपचं. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतली. तिने या भागात वऱ्हाडं नेली, निवडणुकीचे कर्णे मिरवले, चिकूच्या पाट्या वाहिल्या आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला मावतील त्याहून जास्त माणसं पोचवली. तिचं मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच जाऊन तिथे डिझेल बसलेलं असतं, आणि गेलेल्या इंजिनाचे दांडे, पट्ट्या आणि स्प्रिंगा आपलं काम अजून आहे अशा समजुतीत जागच्या जागी उभ्या असतात.

ओळखीच्या एका बावाजींच्या वाडीत यातल्या दुसऱ्या कुळातली, १९६०च्या दशकातली मार्क टू ॲम्बेसेडर आहे. तक्रार साधी होती. सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं, दोन वेळा कण्हायचं आणि मग नाइलाजाने सुरू व्हायचं. बॅटरी नवी होती. सेल्फ खोलून भरून आणला होता. चोकचा दट्ट्या हाताला गरम लागायचा, पण त्याचं बावाजींना कौतुक होतं. “दीकरा, गाडी मालकाला ओळखते,” ते म्हणत. शेवटी कोणीतरी ‘एकदा खालून बघा’ म्हणालं, आणि गाडी जॅकवर चढली.

आपल्याकडे गाडी उचलली की बघायला माणसं बोलवावी लागत नाहीत. जॅकचा पहिला कुरकुर आवाज झाला आणि वाडीतले, वाडीबाहेरचे, रस्त्याने जाणारे असे सगळे जमले. खाली डोकावताच सर्वांना एकदम दिसला तो इंजिनाच्या बाजूने उतरलेला, खाली तिरका कापलेला आणि कशालाही न जोडलेला लोखंडी पाइप. मग ओळखपरेड सुरू झाली. अशा परेडीचा एक नियम आहे : वस्तू एकच असते, पण प्रत्येक साक्षीदार तिच्यात स्वतःचा धंदा ओळखतो.

वाडीत ठिबकची कामं करणाऱ्याने सांगितलं, “शेठ, ही पाण्याची लाइन आहे. पुढचा तुकडा उंदराने खाल्लाय.” लोखंड खाणारा उंदीर कुठला, असं कोणी विचारलं नाही. झाईहून आलेल्या मांगेला भावाने जास्त खोलात जाऊन विचार केला. होडीच्या इंजिनात थंड करणारं पाणी फिरून बाहेर पडतं, आणि ते पडतंय की नाही यावर सगळ्यांचा जीव असतो. “ह्यातनं पाणी पडतंय का?” त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. “मग शेठ, खोल पाण्यात नेऊ नका.” फुग्यांच्या कारखान्यात काम केलेल्या एकाने, कारण डहाणूत रबरी फुगेही पुष्कळ बनतात, पाइपकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याची नजर मागच्या ॲक्सलवरच्या रबरावर खिळली होती. हायवेला ट्रकचं काम करणारा एकजण ‘एअर ब्रेकचा पाइप सुटलाय’ म्हणाला आणि हवेची टाकी शोधायला लागला. आणि ज्यांची निम्मी हयात नाक्यावर गाड्या तपासण्यात गेली होती, त्या निवृत्त गृहस्थांनी डोळे बारीक करून चेसीवर बोटाने टकटक केली. दमणची दारू ज्या रस्त्याने महाराष्ट्रात शिरायला बघते, त्या रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला गाडीखाली एकच गोष्ट दिसते. “चोरकप्पा,” ते हळूच म्हणाले. बावाजींना एवढा मान त्यांच्या गाडीमुळे यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

वायरमनही होता. तो म्हणाला, “अर्थिंग बघा.” पण तो नेहमीच असं म्हणतो. मिक्सर बंद पडला, टीव्हीत मुंग्या आल्या, पंप पाणी ओढेना, मुलगा अभ्यास करेना, प्रत्येक वेळी त्याचं निदान एकच : अर्थिंग. त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग तलासरीकडून मिस्त्री आले. त्यांनी आधी जॅककडे पाहिलं, गाडीखाली बसलेल्यांना बाहेर यायला लावलं आणि चेसीखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड ओंडके सरकवले. त्या भागात २०१८च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी घरं सोडून तंबूत रात्री काढल्या. “जॅकवर विसंबायचे दिवस गेले,” एवढंच बोलून मिस्त्री खाली शिरले.

मिस्त्री मंडळींचा म्हणून एक सिद्धान्त असतो. गाडीच्या भागांचे ते दोन वर्ग करतात : ओळखू येणारे आणि ‘एक्स्ट्रा’. जो भाग ओळखू येत नाही तो कंपनीने उगाच दिलेला असतो. इंजिन खोलून परत बसवल्यावर चार नट आणि एक वायसर उरला तर तोही एक्स्ट्राच. या हिशोबाने उत्तरपाड्याच्या कारखान्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर लोखंड फुकट वाटलं असलं पाहिजे. आमचे मिस्त्रीही याच परंपरेतले, पण त्यांच्या तरुणपणी त्यांनी ॲम्बेसेडर पुष्कळ खोलल्या होत्या, आणि या गाडीच्या बाबतीत त्यांचा ‘एक्स्ट्रा’चा वर्ग लहान होता.

पाइपचा निकाल त्यांनी पहिला लावला. “हा सुटलेला नाही. हा असाच असतो.” इंजिन चालताना जळालेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली तेलाच्या घरात उतरतो. त्याला बाहेर वाट दिली नाही तर आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या सीलमधून बाहेर येतं. जुन्या इंजिनांना ही वाट म्हणजे असा उघडा पाइप; गाडी धावू लागली की त्याच्या तोंडाजवळून जाणारा वारा आतला वायू ओढून नेतो. त्याचं तोंड तिरकं कापलेलंही त्यासाठीच. थोडक्यात, गाडी चारचौघांत खाली मान घालून धूर सोडत असे आणि त्याला तंत्रज्ञान म्हणत. हा वायू परत इंजिनातच ओढून जाळण्याची पद्धत अमेरिकेत १९६०च्या दशकात रुळली. बावाजींच्या गाडीपर्यंत ती पोचली नाही. पाइप डहाणू नाजूक जाहीर होण्याच्या आधीचा असल्याने त्याबद्दल कोणी हरकत घेतली नाही. मिस्त्री यायच्या आधी चिकूच्या फांदीचं बूच ठोकून तो बंद करण्याचा ठराव मात्र जवळजवळ मंजूर झाला होता.

दुसरी संशयित होती एक स्प्लिट पिन. क्लचच्या घराच्या तळाशी एक भोक, आणि त्यात ही पिन नुसती लोंबत होती. तिने काही धरलेलं नव्हतं आणि तिला कोणी धरलेलं नव्हतं. स्प्लिट पिन दिसली की नट निसटला असं समजावं, हा साधा हिशोब. म्हणून एका हुशार पोराने तो नट शोधायला अख्खं अंगण पालथं घातलं, आणि तो मिळाला नाही तेव्हा पक्कड घेऊन पिनेचे पाय वाकवून ती घट्ट बसवून टाकली. मिस्त्रींनी ती परत सैल केली. मॉरिसच्या घराण्यातल्या गाड्यांत ही पिन मुद्दाम सैल सोडलेली असते. इंजिनाच्या मागच्या बाजूने झिरपणारं तेल त्या भोकातून खाली पडून जावं, क्लच प्लेटला लागू नये, ही योजना. चिखलाने आणि मळाने ते भोक बुजू नये म्हणून ही पिन गाडीच्या धक्क्यांनी सतत हलत राहते आणि वाट मोकळी ठेवते. एका जागी राहून नुसतं हलत राहणं हेच ज्याचं काम, असं पद निर्माण करणाऱ्या इंजिनिअरला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तिला घट्ट बसवलं तेवढा वेळच काय ती बिचारी निकामी होती.

तिसरं प्रकरण ॲक्सलवरच्या रबराचं. चेसीला खालून चिकटलेलं एक रबरी बोंड आणि त्याच्याखाली मूठभर मोकळी जागा. जणू तिथला मधला भाग कोणी पळवला होता. इथे फुग्यांच्या कारखान्यातल्या माणसाचा मुद्दा बरोबर निघाला. “हे जोडायचं नाही, हे आपटायचं,” तो म्हणाला. गाडी खड्ड्यात आदळली आणि पाटे पूर्ण दबले की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून हे रबर मध्ये येतं. एरवी ते कशालाही टेकत नाही. पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्यांवर ‘एरवी’ हा शब्द जपून वापरावा लागतो एवढंच. बावाजींच्या गाडीत डाव्या बाजूचं रबर होतं, उजवीकडचं गेलेलं होतं, आणि उजवीकडे बसणारा माणूस नेहमी बावाजीच असल्यामुळे त्यांच्या कंबरदुखीचंही निदान त्याच दिवशी झालं.

खरी धडकी भरली ती चौथ्या वस्तूने. पुढच्या चाकांच्या हातांपासून निघून मागे, पुढच्या सीटच्या तळाखालच्या आडव्या तुळईपर्यंत गेलेल्या दोन लांब सळ्या. त्या हलत नाहीत, फिरत नाहीत, त्यांच्यावर स्प्रिंग नाही की पुली नाही. जमलेल्या मंडळींनी एकमताने ठरवून टाकलं होतं की या ‘सपोर्ट’च्या सळ्या असून काढल्या तरी चालतील, वजन उतरेल, ॲव्हरेज वाढेल. एकजण पानाही घेऊन आला होता. त्या सळ्या म्हणजे टॉर्शन बार. चाक वर उचललं गेलं की सळईला पीळ बसतो, आणि पीळ उलगडताना ती चाकाला परत खाली ढकलते. पुढे स्प्रिंग दिसत नाही कारण ती सळईच स्प्रिंग आहे. गाडीचा अर्धा भार त्या दोन गप्प सळ्यांवर होता. त्यांतली एक ढिली केली असती तर ॲव्हरेजचा विचार करायला गाडी उभी राहिलीच नसती.

मग राहिल्या वायरी. जुन्या गाडीतली मूळ वायर आणि नंतर घुसवलेली वायर यांत फरक असतो. मूळ वायर कापडी वेष्टणात, शिस्तीत, क्लिपमधून जाते. नंतरची वायर मिळेल त्या भोकातून शिरते आणि वाटेत भेटेल त्याला मिठी मारते. बावाजींच्या गाडीखाली एक लाल वायर होती, एक निळी होती आणि एक घरातल्या ट्यूबलाइटची होती. लाल वायर रेडिओची निघाली. रेडिओ बऱ्याच वर्षांपूर्वी पुतण्याने नेला. ट्यूबलाइटची वायर कोणे एकेकाळी बसवलेल्या संगीत हॉर्नची. निळीचा उलगडा मात्र झाला तेव्हा सगळे गंभीर झाले. ती चोरस्विचची होती. बावाजींच्या वडिलांनी गाडी कोणी पळवू नये म्हणून तो गुपचूप बसवून घेतला होता, आणि गुपित इतकं चोख पाळलं की मुलालाही सांगितलं नाही. चोराला गाडी सुरू करता आली नसती हे खरं; पण काही वर्षं घरच्यांनाही का आली नव्हती, याचा खुलासा तेव्हा झाला.

एवढं होईतो मिस्त्रींनी पार्ट बुक मागवलं. बावाजींनी ते कपाटातून काढलं, पानं सुटू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेलं. पार्ट बुकाचा उपयोग ओळख पटवायला होतो असं म्हणतात, पण त्यात एक अडचण आहे. त्यातल्या चित्रांत सगळेच भाग सुटे असतात. प्रत्येक नट, प्रत्येक बूश, प्रत्येक पट्टी हवेत तरंगत असते आणि तिला एक नंबर दिलेला असतो. आपण खाली दोन सुटे भाग बघून घाबरून पुस्तक उघडावं, तर पुस्तकात अख्खी गाडीच सुटलेली. गंजाडच्या वारली चित्रकाराने ही गाडी काढली असती तर आतलं आणि बाहेरचं एकाच चित्रात, जागच्या जागी दिसलं असतं, आणि खालून बघायला कोणाला आडवं व्हावं लागलं नसतं.

आता मूळ तक्रारीकडे. लोंबणाऱ्या, लटकणाऱ्या, खडखडणाऱ्या सगळ्या वस्तूंची चौकशी झाली आणि सगळ्या निर्दोष सुटल्या. सेल्फ तसाच कण्हत होता. मिस्त्री थोडा वेळ बिडी ओढत बसले आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. लोंबणारं बघायचं सोडून त्यांनी बांधलेलं काय काय आहे ते बघायला सुरुवात केली. इंजिनाच्या बाजूला चेसीला लागून एक काळी पट्टी होती. बारीक बायंडिंग वायरने घट्ट, टापटीप बांधलेली, वरून काळा रंग मारलेली. इतकी नीट होती की दिवसभरात तिच्याकडे कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं. मिस्त्रींनी वायर सोडली. पट्टी उलगडून खाली आली. विणलेल्या तांब्याची, एका टोकाला चेसीला जोडलेली, आणि दुसऱ्या टोकाला तुटलेली.

हीच ती अर्थिंगची पट्टी. गाडीचं इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून वेगळं असतं. सेल्फमधून गेलेला करंट बॅटरीकडे परत यायचा तर इंजिन आणि चेसी यांना जोडणारी अशी एक जाड पट्टी लागते. ती तुटली की करंट थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. इंजिनाला आणि बॉडीला जोडणाऱ्या ज्या बारीक तारा असतात, चोकची, ॲक्सिलरेटरची, त्यांतून तो परतायला बघतो. सेल्फ ओढतो तेवढा करंट त्या तारेला झेपत नाही, म्हणून सेल्फ जड फिरतो आणि तार तापते. बावाजींची गाडी मालकाला ओळखत नव्हती, दट्ट्यातून चटका देत होती. कधीतरी कोणा टापटिपीच्या माणसाने ती पट्टी तुटून खडखडते म्हणून उचलून बांधली, वर रंग मारला, आणि आपण गाडी दुरुस्त केली या समाधानात घरी गेला. तो आता नाही, त्याचा रंग मात्र अजून शाबूत आहे.

वायरमन गर्दीच्या कडेला उभा होता. तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त सगळ्यांकडे पाहिलं.

पट्टी नवी बसवायला काही लागलं नाही. हायवेवरच्या दुकानात जाड केबल मिळाली आणि संध्याकाळच्या आत सेल्फ तरुणपणीसारखा फिरला. रबराचं बोंड मात्र इथे मिळेना. २०१३च्या एप्रिलपासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, तेव्हा मुंबईला जाणं अवघड राहिलेलं नाही. अवघड असतं ते पार्टवाल्याला समजावणं. ऑपेरा हाउसकडे एका दुकानात चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता सांगितलं, “नमुना आणा.” जुन्या पार्टच्या धंद्यातलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. नमुना आणायचा म्हणजे गाडीत शिल्लक असलेलं एकुलतं एक डावं बोंड काढायचं आणि त्याला घेऊन सुमारे १२४ किलोमीटर लोकलमध्ये बसायचं. मांडीवर काळं, तेलकट, कशाचंच न वाटणारं रबर घेऊन बसलेल्या माणसाकडे डबा कसा बघतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. काकांनी नमुना हातात घेतला, दाबला, वास घेतला आणि म्हणाले, “हे लेफ्टचं. राइटचं पाहिजे तर राइटचा नमुना आणा.” दोन्ही बाजूंचं रबर एकच असतं हे त्यांना पटवायला दुपार गेली. तोवर वाडीत गाडी दोन्ही बोंडांविना उभी होती, म्हणजे आधी जे अर्धं सुटलेलं होतं ते दुरुस्तीच्या निमित्ताने पूर्ण सुटलं होतं.

आता बावाजींच्या डोक्यात नवीन विचार आहे. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नोंदणी १० वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणायची. जुन्या ॲम्बेसेडरच्या बाबतीत यातली शेवटची दोन कामं मिळूनच महिना भरतो, त्यामुळे ती अट जाचक वाटत नाही. अडतं ते दुसऱ्या अटीवर. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, तिच्यात मोठे फेरफार नकोत. बावाजींचा प्रश्न असा की बायंडिंग वायरलाही आता पन्नास वर्षं होत आली, तर ती मूळ समजायची की फेरफार? चोरस्विच ठेवायचा की काढायचा? संगीत हॉर्नच्या ट्यूबलाइटच्या वायरीला ऐतिहासिक मूल्य किती? यावर वाडीत दोन तट पडलेत आणि दोन्ही तटांत कायद्याचे जाणकार आहेत.

तेव्हा वाडीतल्या, गावातल्या, वडिलांनी मागे ठेवलेल्या जुन्या गाडीच्या मालकांना एवढंच सांगणं. खाली जाण्याआधी गाडी सुरू करा आणि काय चालत नाही त्याची यादी करा. जे चालतं त्याचा सुटा भाग शोधत बसू नका. अनोळखी वस्तू दिसली तर आधी तिचं टोक बघा : टोक चकचकीत असेल तर ती अलीकडे सुटली, जुन्या तेलाचा आणि धुळीचा थर असेल तर ती तिथे तुमच्याआधीपासून आहे आणि तिला तुमच्या मदतीची गरज नाही. डावी बाजू आणि उजवी बाजू ताडून पाहा. गाडी बहुतेक ठिकाणी स्वतःचाच नमुना जवळ बाळगते. लोंबणारं काहीही ओढू नका, कापू नका, त्यात बूच मारू नका. उलट, जे फार नीट बांधलेलं आणि रंगवलेलं दिसेल ते आधी सोडून बघा. वायरमन अर्थिंग म्हणाला तर एकदा तरी तपासा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, कितीही कुतूहल वाटलं तरी, कधीही शिरू नका.